मंद्र स्वराचा कारागीर : जेम्स लॅन्सिंग

२००० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत संगणक आला, तेव्हा त्याच्या पाठोपाठ आणखी एक वस्तू घरात शिरली. मेजावर पडद्याच्या दोन्ही अंगांना दोन चिमुकले स्पीकर आणि मेजाखाली, पायांशी, एक काळी चौकोनी पेटी. ती पेटी म्हणजे वूफर. डग्ग्याची घुमक, तानपुऱ्याचा खर्ज, चित्रपटातल्या स्फोटाचा हादरा, हे सारे त्या पेटीतून येई. तिच्या पोटातच अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला असल्याने तिला वेगळ्या यंत्राची गरज नसे. भिंतीतल्या सॉकेटमध्ये पिन खोचली की काम भागे. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत अशा पेट्यांच्या थप्प्या लागलेल्या असत आणि त्यांतल्या बऱ्याच पेट्यांवर अल्टेक लॅन्सिंग हे नाव असे. खिसा थोडा अधिक जड असलेला ग्राहक जेबीएल या तीन अक्षरांकडे वळे.

बाजारात ही दोन नावे परस्परांची प्रतिस्पर्धी म्हणून कित्येक दशके वावरली. एका नावाचा चाहता दुसऱ्याला नाके मुरडी. प्रत्यक्षात ही दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत. अल्टेक लॅन्सिंगमधला लॅन्सिंग आणि जेबीएलमधल्या तिन्ही अक्षरांचा धनी एकच. तो १९४९ मध्ये, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी हे जग सोडून गेला. ज्या नावावर पुढे अब्जावधी डॉलरांची उलाढाल झाली, ते नाव त्याला जन्मदात्यांनी दिलेले नव्हते, आणि आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांत ते वापरण्यासाठीही त्याला वकिली नोटिशींना तोंड द्यावे लागले होते.

अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या मॅकूपिन परगण्यात १४ जानेवारी १९०२ रोजी एका मोठ्या कुटुंबात जेम्स मार्टिनीचा जन्म झाला. चौदा भावंडांतला तो नववा. वडील हेन्री मार्टिनी कोळशाच्या खाणींवर अभियंता होते. खाणीमागून खाणीकडे कुटुंबाचा मुक्काम हलत राही. मध्यंतरी काही काळ हा मुलगा लिचफिल्ड गावातील बुलो नावाच्या कुटुंबात राहिला. एवढ्या भावंडांच्या गलबल्यातून उठून परक्या घरी गेलेल्या त्या मुलाला तिथे काय लाभले, हे कळायला मार्ग नाही. पण त्या घराचे आडनाव त्याने पुढे जन्मभर स्वतःच्या नावात वागवले.

मुलाला वेड होते ते यंत्रांचे. दहाव्या वर्षी त्याने लेडन जार, म्हणजे विजेचा भार साठवणारी काचेची बरणी, घरीच तयार केली आणि सवंगड्यांना तिचे झटके देऊन पाहिले. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याने एक छोटे बिनतारी प्रक्षेपकयंत्र जुळवले. त्याचे संदेश थेट ग्रेट लेक्स येथील नाविक तळापर्यंत जाऊन पोचले आणि नौदलाच्या माणसांनी शोध काढत येऊन ते बंद करायला लावले, अशी आख्यायिका त्याच्याविषयी सांगितली जाते. आख्यायिकांना असतो तेवढा फुगवटा या कथेलाही असेल. मात्र त्या वयातले पोर तारा, चुंबके आणि बॅटऱ्या यांत बुडालेले होते, यात संशय नाही.

औपचारिक शिक्षण बेताचे झाले. स्प्रिंगफिल्ड येथे शाळा आणि व्यवसाय शिक्षणाचे काही वर्ग, एवढीच शिदोरी. त्यानंतर तो मोटारदुरुस्तीच्या कामाला लागला. इंजिनाच्या बारीक, नाजूक कामात त्याचा हात इतका बसला की मालकाने त्याला पुढील प्रशिक्षणासाठी डेट्रॉईटला धाडले. लॅन्सिंग यांच्या पुढील कामाकडे पाहताना हा मोटारींचा काळ विसरून चालत नाही. इंचाच्या हजाराव्या भागाची चूकही खपवून न घेण्याची जी सवय त्यांच्या हातांना होती, ती पुस्तकातून आलेली नव्हती. ती गॅरेजमधून आलेली होती.

१९२४ च्या नोव्हेंबरात आई वारली आणि जेम्सने घर सोडले. पश्चिमेकडे जात जात तो युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटीत स्थिरावला आणि एका रेडिओ केंद्रात तंत्रज्ञ म्हणून कामाला लागला. तिथेच ग्लेना पीटरसन हिच्याशी ओळख झाली आणि १९२५ मध्ये विवाह. तिथेच केन डेकर हा व्यवहारचतुर मित्रही भेटला. जेम्सला यंत्र कळत होते आणि डेकरला माणसे व पैसा. दोघांनी मिळून लॉस एंजेलिस गाठले.

९ मार्च १९२७ रोजी लॅन्सिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची नोंदणी झाली. तत्पूर्वी थोडेच दिवस जेम्स मार्टिनीने कायदेशीररीत्या नाव बदलून जेम्स बुलो लॅन्सिंग असे नाव धारण केले होते. त्याच्या भावांपैकी काहींनीही मार्टिनीचे मार्टिन केले. इटालियन वळणाचे आडनाव त्या काळच्या अमेरिकेत धंद्याला अडसर ठरते, असे त्यांना वाटले असावे.

प्रारंभी कंपनी रेडिओच्या लाकडी कपाटांत बसणारे सहा आणि आठ इंची ध्वनिक्षेपक बनवी. माल चांगला होता, गिऱ्हाइकही होते. पण त्यात नाव मिळवण्यासारखे विशेष काही नव्हते. नशीब पालटले ते त्याच वर्षी उगवलेल्या एका नव्या वाऱ्यामुळे. ऑक्टोबर १९२७ मध्ये वॉर्नर ब्रदर्सचा ‘द जॅझ सिंगर’ झळकला आणि मुक्या चित्रपटाला वाचा फुटली. हॉलिवूडच्या शेजारीच ध्वनिक्षेपकांचा कारखाना थाटलेल्या तरुणाच्या दारी कधी ना कधी चित्रपटवाले येणार, हे ठरल्यासारखेच होते.

मात्र ते यायला सहा वर्षे लागली. तोवर चित्रपटगृहांतील ध्वनियंत्रणेवर वेस्टर्न इलेक्ट्रिक आणि आरसीए या दोन बलाढ्य कंपन्यांची सत्ता होती. त्यांच्या यंत्रणेतून संवाद ऐकू येत, पण आवाजाची दोन्ही टोके कापलेली असत. खालचा गंभीर स्वर नाही आणि वरचा लखलखीत स्वरही नाही. मेट्रो-गोल्डविन-मेयर, म्हणजे एमजीएम, या चित्रसंस्थेच्या ध्वनिविभागाचे प्रमुख डग्लस शिअरर यांना ही अवस्था असह्य झाली. हे गृहस्थ अभिनेत्री नॉर्मा शिअरर हिचे बंधू. स्टुडिओत आपण जे ध्वनिमुद्रित करतो, ते प्रेक्षकाच्या कानांपर्यंत पोचतच नाही, अशी त्यांची तक्रार होती. १९३३ मध्ये त्यांनी निश्चय केला की यंत्रणा स्वतःच उभारायची. त्यांचे सहकारी जॉन हिलिअर्ड यांनी कामाची सूत्रे घेतली आणि सुटे भाग कोणी बनवावेत याचा शोध लॅन्सिंग यांच्या कारखान्याशी येऊन थांबला. लॅन्सिंग यांच्याकडे जॉन ब्लॅकबर्न आणि रॉबर्ट स्टीफन्स हे दोघे तरबेज सहकारी होते.

इथे थोडे तांत्रिक विवेचन अपरिहार्य आहे. मंद्र स्वर निर्माण करायचा तर पुष्कळ हवा हलवावी लागते. सेकंदाला ५० कंपनांच्या स्वराची एक लाट हवेत जवळपास सात मीटर लांब असते. ती उठवायला मोठा पडदा आणि ऐसपैस कर्णा हवा. उलट तार स्वराला हलका, चपळ पडदा लागतो. मोठा शंकू त्या वेगाने थरथरूच शकत नाही. म्हणून काम दोघांत वाटून द्यायचे. खालचे स्वर एकाकडे आणि वरचे दुसऱ्याकडे. आज घरातल्या कोणत्याही पेटीत वूफर आणि ट्विटर असे दोन दिसतात, त्याचे मूळ या वाटणीत आहे.

अशी दुहेरी यंत्रणा बेल प्रयोगशाळेने आधीच सिद्ध केली होती. पण तिच्यात एक खोट होती. तिच्या मंद्र कर्ण्याची घडी फार लांब होती. त्यातून येणारा आवाज वरच्या स्वरांच्या कर्ण्यातून येणाऱ्या आवाजापेक्षा सुमारे आठ फूट अधिक प्रवास करून बाहेर पडे. आठ फुटांना ध्वनीला सात सहस्रांश सेकंद लागतात. संगीतात हे कदाचित कोणाच्या ध्यानी आले नसते. पण एलिनॉर पॉवेल या नर्तकीच्या टॅप नृत्याच्या दृश्यात तिच्या बुटाचा एकेक ठोका दोनदा ऐकू येऊ लागला आणि बिंग फुटले, असे सांगतात. हिलिअर्ड आणि मंडळींनी मंद्र कर्ण्याची घडी आखूड केली. दोन्ही आवाज जवळपास एकाच क्षणी बाहेर पडतील अशी मांडणी केली. पंधरा इंची वूफर आणि वरच्या स्वरांचा कॉम्प्रेशन ड्रायव्हर लॅन्सिंग यांच्या कारखान्याने घडवून दिले.

ही यंत्रणा शिअरर हॉर्न या नावाने ओळखली गेली. चित्रपटगृहांसाठी ती इतकी सरस ठरली की अनेक वर्षे तीच मापदंड मानली गेली. अमेरिकेच्या चित्रपट अकादमीने १९३६ या वर्षासाठीचा तांत्रिक पुरस्कार तिला दिला. पुरस्कारपत्रावर नाव होते डग्लस शिअरर आणि एमजीएमच्या ध्वनिविभागाचे. लॅन्सिंग हे नाव त्यात नव्हते. सुटे भाग पुरवणाऱ्याची गणना मानकऱ्यांत होत नाही, ही जगरहाटीच आहे. पण त्या सुट्या भागांवाचून हा कर्णा मुका राहिला असता, हेही तितकेच खरे.

चित्रपटगृहाच्या त्या अवाढव्य यंत्रणेतून लॅन्सिंग यांनी एक लहान आवृत्ती बेतली आणि १९३७ मध्ये आयकॉनिक या नावाने बाजारात आणली. पंधरा इंची वूफर खाली, लहान कप्प्याकप्प्यांचा कर्णा वर, आणि सेकंदाला ८०० कंपनांच्या आसपास दोघांची हद्द. स्टुडिओतल्या अभियंत्यांनी ती उचलून धरलीच, पण तिचे घरगुती कपाटही निघाले. चित्रपटगृहाच्या तोडीचा आवाज दिवाणखान्यात, ही कल्पना प्रथम इतक्या समर्थपणे मांडली गेली ती या पेटीत. मेजाखालच्या वूफरची वंशावळ मागे मागे नेली, तर ती इथवर येऊन पोचते.

योगायोग असा की त्या काळचे वूफरही विजेवर चालत. मात्र कारण निराळे. आजच्या पेटीत वीज लागते ती आतल्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी. त्या काळी पुरेसे बलवान कायम चुंबक स्वस्तात मिळत नव्हते, म्हणून वूफरच्या पाठीशी तारेचे मोठे वेटोळे असलेला विद्युतचुंबक बसवावा लागे आणि त्याला अखंड वीजपुरवठा द्यावा लागे. एकेका वूफरचे वजन त्यामुळे भलतेच वाढे, आणि तो तापेही.

कंपनीचे हे दिवस उमेदीचे होते. आणि १९३९ मध्ये केन डेकर विमान अपघातात मृत्युमुखी पडला.

या एका घटनेने लॅन्सिंग यांच्या आयुष्याचे दोन तुकडे केले, असे म्हणावे लागते. हिशेब, उधारी, वसुली, बँक, हे सारे डेकर सांभाळत होता. लॅन्सिंग यांना त्यात ना रस होता, ना गती. कामाचा दर्जा त्यांना इतका प्रिय की एखाद्या वस्तूला किती खर्च आला याचा विचार ती वस्तू मनाजोगी झाल्यावर, म्हणजे बहुधा उशिराच, होई. डेकरच्या मागे दोन वर्षांत कंपनी आर्थिक गर्तेत सापडली.

डिसेंबर १९४१ मध्ये अल्टेक सर्व्हिस कॉर्पोरेशनने तिला विकत घेतले. अल्टेक ही वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या चित्रपटगृह-विभागातून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी उभी केलेली कंपनी. हजारो चित्रपटगृहांची देखभाल तिच्याकडे होती, पण सुटे भाग बनवणारा कारखाना नव्हता. लॅन्सिंग यांच्याकडे कारखाना होता, पैसा नव्हता. सौदा दोघांच्या सोयीचा होता. नव्या कंपनीचे नाव अल्टेक लॅन्सिंग ठरले आणि पाच वर्षांच्या करारावर लॅन्सिंग तिचे अभियांत्रिकी उपाध्यक्ष झाले.

ही पाच वर्षे कारागीर म्हणून त्यांच्या आयुष्यातली सर्वांत सुबत्तेची ठरली. पैशाची विवंचना दुसऱ्याच्या डोक्यावर होती. हिलिअर्डही अल्टेकमध्ये आले आणि जुनी जोडी पुन्हा जमली. युद्धकाळात ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या मिश्रणाचे अल्निको-५ हे नवे चुंबक हाती आले आणि विजेवर पोसावा लागणारा तो अवजड विद्युतचुंबक कायमचा हद्दपार करण्याची वाट मोकळी झाली. पंधरा इंची वूफरच्या नेमक्या मध्यातून तार स्वरांचा कर्णा बाहेर काढणारा ड्युप्लेक्स हा ध्वनिक्षेपक याच काळातला. त्याचे ६०४ हे रूप पुढे अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण स्टुडिओंत घरोघरच्या जात्यासारखे सर्वत्र दिसू लागले. व्हॉइस ऑफ द थिएटर ही चित्रपटगृहांची प्रख्यात मालिकाही तेव्हाच आकाराला आली.

पण लॅन्सिंग यांच्या हातांची खरी खूण पाहायची असेल तर ती या मोठ्या नावांत नव्हे, एका तारेत पाहावी. ध्वनिक्षेपकाच्या शंकूमागे तारेचे एक वेटोळे असते आणि ते चुंबकाच्या अरुंद खाचेत मागेपुढे हलते. ती खाच जितकी अरुंद आणि तीत धातू जितका अधिक, तितका जोर जास्त. गोल तार गुंडाळली की दोन फेऱ्यांमध्ये पोकळ्या राहतात आणि सुमारे एक पंचमांश जागा वाया जाते. त्याऐवजी फितीसारखी चपटी तार तिच्या कडेवर उभी करून गुंडाळली, तर पोकळी उरतच नाही. ही कल्पना लॅन्सिंग यांच्या आधीही ठाऊक होती. अडचण होती ती कृतीची. केसासारखी पातळ फीत कडेवर उभी गुंडाळताना कलंडते, मुडपते, तुटते. लॅन्सिंग यांनी ती वेगाने आणि बिनचूक गुंडाळण्याची यंत्रे व रीत बसवली. गॅरेजमधल्या त्या जुन्या हातांनी इथे बाजी मारली.

१९४६ मध्ये करार संपला आणि ते अल्टेकमधून बाहेर पडले. वय ४४. पगार, हुद्दा, सुसज्ज कारखाना सोडून पुन्हा स्वतःच्या नावाची पाटी लावण्याचा हा निर्णय व्यवहाराच्या दृष्टीने शहाणपणाचा नव्हता, हे त्यांच्या हितचिंतकांना दिसतच असणार. पण दुसऱ्याच्या छपराखाली राहणे ज्याच्या पिंडाला मानवत नाही, त्याला असले हिशेब दाखवून उपयोग नसतो.

१ ऑक्टोबर १९४६ रोजी लॅन्सिंग साऊंड या कंपनीची नोंदणी झाली. आणि लगोलग अल्टेकचा आक्षेप आला. लॅन्सिंग हे नाव कारखान्यासोबत अल्टेकने विकत घेतलेले होते. लॅन्सिंग साऊंड या नावाने ग्राहकांचा गोंधळ होईल, असे त्यांचे म्हणणे. कायद्याच्या दृष्टीने त्यात चूक नव्हती. तडजोड झाली आणि कंपनीचे नाव जेम्स बी. लॅन्सिंग साऊंड असे ठेवण्यात आले. पहिल्या पंधरा इंची ध्वनिक्षेपकाला लॅन्सिंग यांनी आपले जुने आयकॉनिक हे नाव जोडले, तर त्यालाही हरकत घेण्यात आली. तेही नाव आता अल्टेकचे होते. वीस वर्षांपूर्वी ज्या माणसाने बापाचे आडनाव टाकून स्वतःसाठी एक नवे नाव घडवले, त्याला ते नाव आता पूर्ण, आद्याक्षरांसह आणि दुसऱ्याच्या संमतीने लिहावे लागत होते.

याच ओढगस्तीच्या काळात त्यांनी डी-१३० घडवला. पंधरा इंचांचा शंकू, अल्निको-५ चुंबक आणि चपट्या तारेचे तब्बल चार इंच व्यासाचे वेटोळे. तोवर एवढे मोठे वेटोळे घरगुती ध्वनिक्षेपकात कोणी वापरलेले नव्हते. त्या काळी घरातला अ‍ॅम्प्लिफायर दहा-पंधरा वॅटांच्या पुढे क्वचितच जाई. तेवढ्याशा शक्तीवर डी-१३० खोली भरून टाकी. हा ध्वनिक्षेपक दशकानुदशके विकला जात राहिला. लिओ फेंडर यांनी तो आपल्या गिटार-अ‍ॅम्प्लिफायरांत बसवला आणि पुढे रॉक संगीताने त्याचा असा काही वापर केला, ज्याची कल्पना त्याच्या जनकाने केली नसेल.

हे वैभव मात्र पुढचे. १९४७ आणि १९४८ मध्ये कंपनीच्या वहीत आवकेपेक्षा देणेच वाढत होते. चुंबकांचे उत्पादक रॉबर्ट अरनॉल्ड यांनी उधारीवर माल देऊन मोठा आधार दिला. आपल्या नव्या चुंबकाचे गुण दाखवील असा याहून चांगला कारागीर त्यांना मिळणार नव्हता. मार्क्वार्ट या विमानइंजिने बनवणाऱ्या कंपनीने जागा दिली, कर्जाचा भार उचलला आणि बदल्यात हिस्सा घेतला. तिचे कोषाध्यक्ष विल्यम थॉमस लॅन्सिंग यांच्या कारभारावर देखरेख करण्यासाठी आले आणि त्या कामाच्या प्रेमातच पडले. १९४९ मध्ये मार्क्वार्ट जनरल टायर या टायरकंपनीच्या ताब्यात गेली. नव्या मालकांना ध्वनिक्षेपकांत स्वारस्य नव्हते. कंपनी पुन्हा एकटी पडली. थॉमस मात्र आपली नोकरी सोडून लॅन्सिंग यांच्याकडे आले.

डेकरनंतर दहा वर्षांनी हिशेब पाहणारा माणूस लॅन्सिंग यांना लाभला होता. पण तोवर फार उशीर झालेला होता. देणी वाढत होती, देणेकरी थांबायला तयार नव्हते, आणि ज्या कामासाठी हा सारा खटाटोप केला त्या कामाला बसायला वेळ उरत नव्हता. लॅन्सिंग स्वभावाने अबोल. मनातली घालमेल ते कोणापाशी बोलले असतील, असे दिसत नाही. सप्टेंबर १९४९ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस येथील आपल्या ॲव्होकॅडोच्या बागेत त्यांनी स्वतःचे जीवन संपवले.

त्यांच्या आयुर्विम्याचे दहा हजार डॉलर कंपनीच्या नावे होते. त्या रकमेने थॉमस यांनी निकडीची देणी भागवली आणि कारखान्याचे दार उघडे ठेवले. पुढे ग्लेना लॅन्सिंग यांच्याकडे असलेला एक तृतीयांश हिस्सा विकत घेऊन ते पूर्ण मालक झाले. लॅन्सिंग यांनी आखलेले ध्वनिक्षेपक तेच होते, चपटी तारही तीच. बदलले होते ते हिशेबाच्या वहीवरचे अक्षर. कंपनी तरली, आणि काही वर्षांत भरभराटीला आली. ही गोष्ट थॉमस यांच्या कर्तबगारीची साक्ष देते हे खरे, पण लॅन्सिंग यांची आणि त्यांची गाठ १९४६ मध्येच पडली असती तर काय झाले असते, हा विचार मनातून जात नाही.

अल्टेकबरोबरचा नावाचा वाद धुमसतच होता. अखेर १९५० च्या दशकाच्या मध्यास थॉमस यांनी लॅन्सिंग या शब्दावरचा जोर सोडून देऊन आपल्या मालावर केवळ आद्याक्षरे छापायला प्रारंभ केला. जेबीएल हे नाव असे एका तडजोडीतून जन्माला आले. १९५४ चा हार्ट्सफिल्ड, १९५७ चा पॅरागॉन ही कंपनीची घरगुती ध्वनिपेट्यांतली महावस्त्रे म्हणावीत अशी निर्मिती. १९६० च्या दशकात बार्ट लोकांथी या अभियंत्याच्या कल्पकतेतून जेबीएलने एनर्जायझर या नावाने एक अ‍ॅम्प्लिफायर काढला. तो ध्वनिपेटीच्या आतच बसवता येई. पेटी आणि तिची शक्ती एकाच कवचात, ही आज सर्वसामान्य झालेली सोय लॅन्सिंग यांच्या नावाच्या कपाटांत तेव्हाच अवतरली होती. त्यासाठी तेव्हा मोजावे लागणारे पैसे मात्र सर्वसामान्य नव्हते.

ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या माळरानावर लाखो तरुण संगीत ऐकायला जमले. तिथल्या उंच मचाणांवर रचलेल्या यंत्रणेत खाली जेबीएलचे वूफर होते आणि वर अल्टेकचे कर्णे. एकमेकांवर कज्जे करणारी दोन घराणी तिथे एकाच थप्पीत, एकाच वाक्यातले खालचे आणि वरचे स्वर वाटून घेऊन बोलत होती. लॅन्सिंग यांना जाऊन त्या वेळी वीस वर्षे होत आली होती.

त्याच वर्षी थॉमस यांनी जेबीएल सिडनी हार्मन यांना विकली. २०१७ मध्ये हार्मन समूह दक्षिण कोरियाच्या सॅमसंगच्या मालकीचा झाला. अल्टेक लॅन्सिंगचे दैव वेगळे निघाले. चित्रपटगृहे आणि स्टुडिओ तिच्या हातून निसटत गेले आणि १९९० च्या दशकात ते नाव संगणकाच्या स्पीकरांवर आणि त्यांच्या जोडीच्या वूफरपेट्यांवर उतरले. २००५ मध्ये प्लॅन्ट्रॉनिक्सने ते विकत घेतले. त्यानंतरही ते हात बदलत राहिले. भारतीय घरांतल्या मेजांखाली लॅन्सिंग पोचले ते या वाटेने.

लॅन्सिंग हे त्यांनी स्वतः निवडलेले आडनाव एका कंपनीकडे राहिले आणि आद्याक्षरे दुसरीकडे. मार्टिनी हे मूळ आडनाव कुठेच उरले नाही. लिचफिल्ड गावातल्या ज्या कुटुंबाने खाणकामगारांच्या वस्तीतल्या एका पोराला काही दिवस आपल्या घरी ठेवून घेतले, त्या बुलोंचे अक्षर मात्र जेबीएलच्या मधोमध अजून आहे.